वाचायला मुभा, शिकवायला मनाई

एखाद्या संहितेवर कुणी भाष्य लिहावे आणि त्या भाष्याची प्रत कोणाला मिळावी हे संहितेच्या मालकाने ठरवावे, असे साहित्याच्या अभ्यासकाला सहसा आढळत नाही. युनिक्सच्या इतिहासात ते घडले. आम्हांला तो प्रसंग संगणकशास्त्राइतकाच वाचनाच्या इतिहासातलाही वाटतो.

युनिक्स ही प्रणाली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. मालकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची. १९५६ मधील एका न्यायालयीन तडजोडीमुळे कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून सत्तरच्या दशकात विद्यापीठांना युनिक्स नाममात्र शुल्कात मिळे, तेही सोर्स कोडसकट. पण ते दान नव्हते. परवान्यानुसार कोड हे कंपनीचे व्यापारी गुपितच राहत असे. परवानाधारकाने तो वाचावा, हवा तसा बदलावा. बाहेरच्याला मात्र दाखवू नये.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी हा कोड पाठ्यग्रंथासारखा वाचायला घेतला. सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यातील सुमारे ९,००० ओळी त्यांनी क्रमांक देऊन एका पुस्तिकेत छापल्या, आणि दुसरीत त्या क्रमांकांच्या आधाराने भाष्य लिहिले. हे काम १९७६-७७ चे. श्लोकाचा क्रमांक देऊन अर्थ उलगडणाऱ्या आपल्याकडच्या टीकाकारांची आठवण व्हावी अशीच ही रीत. या कोडमध्ये एका ठिकाणी खुद्द कर्त्यांनीच टीप लिहून ठेवली आहे की हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही! अशा ग्रंथाला भाष्यकार हवाच.

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली. एव्हाना कंपनीला कोडचे मोल कळू लागले होते, आणि नव्या परवान्याने तो वर्गात शिकवण्यास मनाई केली. संहिता समोर आहे, पण तिच्याविषयी विद्यार्थ्यांशी बोलायचे नाही! मालकाचा हक्क आम्ही नाकारत नाही. पण प्रत काढू न देणे वेगळे आणि अर्थ सांगू न देणे वेगळे. लायन्स यांच्या पुस्तिका मग झेरॉक्सच्या झेरॉक्स होत हातोहात फिरत राहिल्या, पुढच्या प्रतीत अक्षरे अधिकच पुसट होत.

ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबाम यांनी दुसरी वाट धरली. वर्गात शिकवता यावी म्हणून त्यांनी मिनिक्स ही प्रणाली युनिक्सची एकही ओळ न घेता लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. गंमत अशी की मिनिक्सचाही कोड दिसत होता, शिकवता येत होता, पण मुक्तपणे वाटता येत नव्हता. प्रकाशकाचे हक्क आड येत. ती मोकळीक २००० साली मिळाली. तोवर मिनिक्सवर शिकलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स येऊन नऊ वर्षे झाली होती.

लायन्स यांचे भाष्य कोडसह, रीतसर परवानगीने, १९९६ मध्ये ग्रंथरूपाने छापले गेले. लायन्स तेव्हा हयात होते. १९९८ च्या डिसेंबरात ते वारले.