आईची मांडी आणि बाळाची कार सीट

सिरोंच्याहून गडचिरोली साधारण दोनशे किलोमीटर. त्यापेक्षा पूल ओलांडून तेलंगणात मंचेरियलला जाणं बऱ्याच जणांना सोपं पडतं. दवाखाना असो की लग्न, आपल्याकडे लांबचा प्रवास ठरलेलाच. या प्रवासात बाळ कुठे बसतं? बहुतेक वेळा आईच्या मांडीवर, तेही पुढच्या सीटवर. का, असं विचारलं की पालक उलट मलाच विचारतात, "डॉक्टर, आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा कोणती?"

हा समज फक्त आपलाच नाही. कार सीटचा सगळा इतिहास याच समजाशी झालेल्या भांडणाचा आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी ज्या सीट निघाल्या, त्यांचा सुरक्षिततेशी काही संबंध नव्हता. मूल एका जागी राहावं, त्याला खिडकीबाहेरचं दिसावं आणि वडिलांना निवांत गाडी चालवता यावी, एवढाच हेतू. १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन यांनी आजचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट आणला, पण तो मोठ्यांच्या मापाचा होता. १९६२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी खास मुलांना वाचवण्यासाठी सीट तयार केल्या.

खरी कलाटणी स्वीडनमध्ये मिळाली. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसत, म्हणजे सगळा जोर पूर्ण पाठीवर वाटला जाई. ते पाहून बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास मागे तोंड करून बसण्याची बाळाची सीट बनवली. वैद्यकीय दृष्टीने हा विचार अगदी अचूक होता. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. मानेचे मणके पूर्ण हाडाचे झालेले नसतात, मधे कूर्चा असते, स्नायू कमकुवत असतात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाची गाडी धडकली तर धड पट्ट्यांत अडकतं आणि जड डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर, म्हणजे मज्जारज्जूवर येतो. पाठमोऱ्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ मात्र एकत्र सीटमध्ये दाबली जातात.

यानंतरची लढाई एका डॉक्टरने लढली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी पाठपुरावा करून चार वर्षांखालील मुलांसाठी कार सीट सक्तीची करणारा पहिला कायदा करून घेतला. १९७८ पासून तो लागू झाला, पण त्यात एक पळवाट शिरली होती: मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर चालेल! ती सूट १९८१ मध्ये रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले.

मांडीची सूट का काढावी लागली, याचं गणित सोपं आहे. ताशी ५० किलोमीटरची गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ धरून ठेवायला सुमारे १४० किलोचा जोर लागतो. ५० किलोची जवळपास तीन पोती. कितीही माया असली तरी हात सुटतातच. आईने बेल्ट लावला नसेल तर बाळ तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये चिरडतं. एकच बेल्ट दोघांवर लावला तर तो बाळाच्या पोटात रुततो.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसीट नसल्यास १००० रुपये दंडाची तरतूद झाली. पण मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा घराघरांत झाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यावर. २०२३ पासून भारत एनकॅप चाचण्यांत मुलांच्या सुरक्षेलाही गुण मिळतात.

आता घ्यायची कोणती? ज्यांना एकच सीट परवडते त्यांनी कन्व्हर्टिबल घ्यावी, असं माझं मत. ती आधी मागे तोंड करून आणि मूल मोठं झाल्यावर पुढे तोंड करून बसवता येते. मागे तोंड करून किती किलोपर्यंत चालते ते लेबलवर पाहा; तो आकडा जितका मोठा तितकं चांगलं. एक वाढदिवस झाला म्हणून घाईने सीट फिरवू नका. एआयएस-०७२ किंवा गोलातल्या इंग्रजी ई अक्षराची युरोपीय खूण हवी. अपघातातून गेलेली जुनी सीट फुकट मिळाली तरी नको.

सीट मागच्या बाकावरच बसवा. पुढे एअरबॅग चालू असेल तर पाठमोरी सीट तिथे जीवघेणी ठरते. गाडीत आयसोफिक्सच्या कड्या नसल्या तरी अडत नाही. बऱ्याच सीटवर बेल्टची वाट दाखवणाऱ्या खुणा असतात: पाठमोऱ्या बैठकीसाठी निळ्या, पुढे तोंड असताना लाल. बेल्ट त्याच वाटेने घालून गुडघ्याने सीट दाबा आणि करकचून ओढा. बेल्ट जातो तिथे धरून हलवल्यावर सीट एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. बाळाच्या पट्ट्या पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून याव्यात आणि खांद्यावर त्यांची चिमूट पकडता येऊ नये. आत जाड स्वेटर नको. हवं तर पट्ट्या लावल्यावर वरून शाल टाका.

भाड्याची गाडी असली तरी स्वतःची सीट नेता येते. फक्त निघायच्या आधी दहा मिनिटं काढा. ड्रायव्हर कुरकुरला तरी कुरकुरू द्या. आणि एप्रिल-मे महिन्यांत बाळाला बसवण्याआधी बक्कल हाताने तपासा. उन्हात उभ्या गाडीतलं धातू कातडी भाजण्याइतकं तापतं.