शिलिंगची ऊब

इंग्लंडमध्ये घर गरम ठेवायला सगळ्यात स्वस्त काय, हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला. बर्मिंगहॅमच्या बाजूला एका कौन्सिलच्या भाडेकरूंना वीज-गॅसच्या बिलांबद्दल सल्ला देणं हे माझं काम होतं. लोकांना एका शब्दात उत्तर हवं असायचं. हिशोब तसा सोपा आहे. इंधनाच्या एका युनिटची किंमत घ्यायची, त्यातली किती उष्णता खोलीत राहते ते बघायचं आणि भागाकार करायचा. पण या देशात ऊब कोणाला कितीला पडली ते या भागाकारातून कळत नाही. पैसे कसे भरायचे यावर ते ठरत आलं. घाऊक घेणाऱ्याला ऊब स्वस्त पडली, सुटी घेणाऱ्याला महाग, आणि सुटी घेणारा जवळजवळ नेहमी गरीबच निघाला.

ऊब आणि पैसा यांची सांगड इथे फार जुनी आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या सरकारने १६६२मध्ये घरातल्या शेकोट्यांवर कर बसवला, एका शेकोटीला वर्षाला दोन शिलिंग. अगदी गरिबांना त्यातून सूट होती, तरी पैसे वाचवायला लोकांनी शेकोट्या विटांनी बुजवल्या. कर मोजणारा माणूस थेट घरात शिरायचा, त्याचा राग वेगळाच. शेवटी १६८९मध्ये कर गेला.

पुढची अडीचशेहून अधिक वर्षं राज्य कोळशाचं. भिंतीतल्या उघड्या शेकोटीसमोर बसण्यात जे सुख आहे ते मी नाकारत नाही, पण हिशोबाने पाहिलं तर इतका उधळा प्रकार दुसरा नाही. कोळशाचं पोतं एक हंड्रेडवेटचं, म्हणजे ११२ पौंडांचं, साधारण ५१ किलो. त्यात चारशेच्या आसपास युनिट उष्णता असते. त्यातली तीन चतुर्थांश धुराड्यातून आकाशात जाते, वर ती जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. समोरून तोंड भाजतं आणि पाठ गारठते, हे इथली जुनी माणसं सांगतात ते शब्दशः खरं आहे. धुराड्याचा घसा अरुंद केला की धूरही नीट जातो आणि ऊबही वाचते, हे काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं होतं. ज्यांना गवंडी लावणं परवडलं त्यांनी ते करून घेतलं.

ज्याच्याकडे तळघर होतं तो उन्हाळ्यात, भाव उतरलेला असताना, हिवाळ्याचा कोळसा भरून ठेवायचा. एका खोलीत राहणाऱ्याला ठेवायला जागाच नाही. तो ऐन थंडीत थोडा थोडा आणणार, तोही हलका. दुसऱ्या महायुद्धानंतरही कोळशाचं रेशनिंग १९५८पर्यंत चाललं. १९५२च्या डिसेंबरात सरकारने ‘नटी स्लॅक’ नावाचा बारीक, धुळकट कोळसा रेशनमधून मोकळा केला. चांगला कोळसा परदेशी विकून डॉलर मिळवायचे आणि घरच्यांना ही चुरी द्यायची, असा तो काळ होता. त्याच आठवड्यात, ५ ते ९ डिसेंबर, लंडनवर ते कुप्रसिद्ध धुकं बसलं. हवा हलेना, थंडी कडक, आणि लाखो शेकोट्यांचा धूर तिथेच साचला. तेव्हाचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. या धुक्याबद्दल बोलताना लोक हवेचं बोलतात. मला त्यातला बाजार दिसतो. स्वस्त कोळसा जाळणाऱ्याच्या हातात दुसरं काही नव्हतं.

१९५६च्या क्लीन एअर कायद्याने शहरांमध्ये धूरमुक्त विभाग ठरवायला सुरुवात झाली. जुन्या शेकोट्या बदलायला अनुदान मिळालं, पण बिनधुराचा कोळसा रोजच्या रोज घ्यायचा तो महागच. घरं एकेक करत दुसरीकडे वळली. आम्ही आलो ते या वळणावर.

लग्नानंतर मिरजेहून मी इथे आले ती १९६७च्या नोव्हेंबरात. ह्यांना फाउंड्रीत काम होतं, आणि आमचं बिऱ्हाड म्हणजे एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली. त्या घरात पाच बिऱ्हाडं होती: दोन पंजाबी, एक जमैकन, एक आयरिश म्हातारा आणि आम्ही. खोलीच्या कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी आणि तिच्याशेजारी मीटर. मीटरला खाच. खाचेत शिलिंग घालायचं, पितळी कान पिळायचा, आत नाणं पडल्याचा आवाज यायचा आणि मग गॅस सुरू. शिलिंग संपलं की ज्योत आधी निळी, मग बुटकी व्हायची आणि पक् करून विझायची. दिवसभरात खोलीखोलीत कोणाकडे शिलिंगची मोड आहे हे विचारत फिरणं हा त्या घरातला नेमच होता. दुकानदार शिलिंगं द्यायला कुरकुरत.

नाण्यावर चालणारे गॅसचे मीटर १८८०च्या दशकाच्या अखेरीस आले. कल्पना चांगली होती. ज्या मजुराच्या घरी तिमाही बिल भरण्याइतके पैसे एकरकमी कधीच साठत नाहीत, त्याच्याही घरी गॅस पोचला, आणि लाखो घरांत पोचला. कंपनीच्या मीटरवर दर मुद्दाम थोडा चढा लावलेला असे. पेटी रिकामी करायला गॅसवाला आला की स्वयंपाकघराच्या टेबलावर नाण्यांचा ढीग ओतायचा, दहा-दहाच्या चळती लावायचा, कंपनीचं येणं बाजूला काढायचा आणि उरलेली नाणी घरच्या बाईपुढे सरकवायचा. माझ्या इंग्रज शेजारणी त्या परताव्याची वाट बघत. मुलांचे बूट त्यातून येत.

आमच्या खोलीत परतावा नव्हता, कारण आमचा मीटर कंपनीचा नव्हता, घरमालकाचा होता. खालच्या मजल्यावर कंपनीचा मुख्य मीटर, त्याचं बिल मालक भरायचा, आणि प्रत्येक खोलीत त्याने आपला मीटर बसवलेला. एका शिलिंगला किती गॅस सोडायचा हे आतल्या दात्यांवर ठरतं, आणि ते दाते त्याच्या हातात. आमच्या मालकाने ते असे लावले होते की आम्ही कंपनीच्या दरापेक्षा कितीतरी जास्त मोजत होतो. विकण्याच्या दराला कायद्याने मर्यादा होती, हे मला कळायला बरीच वर्षं लागणार होती. खोली सोडून जाऊ म्हणावं तर काळ्या-सावळ्या माणसाला दुसरी खोली कोण देणार? त्या घराची मला अजून चीड येते. पुढे हीच नोकरी मी का धरली, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तो मीटर.

म्हणून मग रॉकेल. इथे त्याला पॅराफिन म्हणतात. ‘एसो ब्लू’चं निळं यायचं आणि ‘अलादिन’चं गुलाबी. कोपऱ्यावरच्या दुकानातून गॅलनचा डबा भरून आणायचा आणि पत्र्याच्या हीटरमध्ये ओतायचा. कॅरिबियन आणि आपल्याकडची जी पिढी तेव्हा आली, तिच्या नाकात तो वास कायमचा बसला आहे. कागदावर हा हीटर बिनतोड दिसतो. त्याला धुराडंच नाही, त्यामुळे जळलं तेवढं सगळं खोलीत राहतं. लिटरला दहा युनिट उष्णता, आणि वाया जवळजवळ काही नाही. पण रॉकेल जळलं की पाणी तयार होतं, एक लिटर जाळलं तर लिटरभर. ते वाफ होऊन हवेत मिसळतं आणि थंड काचेवर, भिंतीवर, कपाटामागे पुन्हा पाणी होऊन बसतं. आमच्या खोलीत सकाळी खिडकीच्या चौकटीवरून ओघळ वाहायचे. पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढली आणि थोरल्या मुलाचा खोकला मार्चपर्यंत हटला नाही. शिवाय आगीची भीती. रात्री कोणाचा पाय लागून हीटर कलंडला आणि खोली पेटली, अशा बातम्या दर हिवाळ्यात यायच्या. हा खर्च कुठल्या बिलात धरायचा?

याच सुमाराला गॅसचं सगळं चित्र बदललं. तोवरचा गॅस शहरातल्या कारखान्यात कोळसा भाजून काढायचे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा, म्हणून तो विषारी. १९६५मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. त्याची उष्णता दुपटीच्या आसपास, पण तो जळायला हवा जास्त लागते, म्हणून जुने बर्नर चालेनात. मग देशातली प्रत्येक शेगडी, प्रत्येक हीटर बदलायचं ठरलं. १९६७मध्ये आमच्याजवळच्या बर्टन-अपॉन-ट्रेंटपासून सुरुवात झाली आणि १९७७मध्ये एडिंबरोला काम संपलं. सुमारे सव्वा कोटीहून जास्त घरं, उपकरणं त्याच्या तिपटीच्या आसपास. गल्लीगल्लीने माणसं यायची, नळीतला जुना गॅस जाळून टाकायची आणि संध्याकाळपर्यंत शेगडी नव्या गॅसवर पेटवून द्यायची. घरच्यांना त्याचा खर्च नाही. सरकारी गॅस उद्योगाने केलेलं इतकं नेटकं काम मी दुसरं पाहिलं नाही. त्यानंतर रेडिएटर घरोघर आले. १९७०मध्ये हिवाळ्यात इंग्लिश घराच्या आतलं सरासरी तापमान १२ अंशांच्या आसपास होतं असा सरकारी अंदाज आहे. आज ते १८च्या जवळ असतं.

सगळ्यांच्या वाट्याला हा गॅस आला नाही. १९६८च्या १६ मे रोजी पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर पहाटे गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपराच्या कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. तयार काँक्रीटच्या पाट्या एकमेकींना टेकवून बांधलेल्या अशा इमारती तेव्हा देशभर उभ्या होत्या. पुढे त्यांतल्या कितीतरी इमारतींमधला गॅस काढून टाकला. म्हणजे गॅस स्वस्त होत असताना कौन्सिलच्या उंच इमारतींतल्या भाडेकरूंना वीज मिळाली, आणि भिंती अशा की ऊब टिकत नाही.

माझं बहुतेक काम याच इमारतींत झालं. तिथे भिंतीला टेकून स्टोरेज हीटर असायचे, आत जड विटा. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापवायच्या आणि दिवसभर त्यांतून ऊब झिरपू द्यायची. १९७८मध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ आलं, रात्रीचे सात तास दर कमी, पण दिवसा नेहमीपेक्षा चढा. कल्पना वीज कंपन्यांना सोयीची, कारण रात्री वीज पडून असते. घरात मात्र पहाटे चारला ऊब उतू जायची आणि संध्याकाळी सहाला, शाळेतून कामावरून माणसं परतायची तेव्हा, विटा गार. मग दोन कांड्यांचा विजेचा हीटर लावायचा, तो दिवसाच्या चढ्या दराने. एक म्हातारी बाई मला म्हणाली, “बॅब, रात्री झोपेत मी श्रीमंत असते बघ.” बॅब म्हणजे आमच्याकडचं ‘बाळ’. तिच्या हीटरवर दोन चकत्या होत्या, एक किती साठवायचं याची आणि दुसरी किती सोडायचं याची. दुसरी रात्री बंद करायची असते हे तिला सोळा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी ती फिरवून दाखवली, चकतीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. त्यातून तिची संध्याकाळ थोडी बरी झाली. भिंत तशीच राहिली.

ब्रेंडा बोर्डमन यांचं ‘फ्युएल पॉव्हर्टी’ हे पुस्तक १९९१मध्ये आलं आणि आम्हाला बोलायला मोजमाप मिळालं. घर पुरेसं गरम ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त लागत असेल, तर ते घर ऊर्जेच्या बाबतीत गरीब. मिळकत कमी, घर गळकं आणि इंधन महाग, या तीन गोष्टी एकाच दारात कशा भेटतात हे त्यांनी नीट मांडलं.

अलीकडचा भागाकारही करून दाखवते. २०२१च्या ऑक्टोबरात गॅस युनिटला सुमारे ४ पेन्स आणि वीज २१ होती. नवा बॉयलर शंभरातले नव्वद घरात देतो, म्हणजे उबेचं युनिट साडेचार पेन्सला. हीट पंप विजेच्या एका युनिटवर बाहेरच्या हवेतून ओढून तीनच्या आसपास देतो, म्हणजे सात पेन्स. साधा विजेचा हीटर एकाला एकच देतो, म्हणून एकवीस. वर्षभराने, युक्रेनच्या युद्धानंतर, सरकारने दर धरून ठेवले तरी गॅस १०.३ आणि वीज ३४ पेन्स झाली. तेव्हा बॉयलरचं युनिट साडेअकराला आणि हीट पंपाचंही जवळजवळ तेवढ्यालाच. साध्या हीटरवाल्याला ३४. पंप बसवायला दहा हजार पौंडांच्या वर लागतात. सरकार साडेसात हजारांपर्यंत अनुदान देतं, पण ते घर ज्याच्या मालकीचं आहे त्याला. भाड्याने राहणारा घरमालकाच्या मर्जीची वाट बघतो, आमच्यासारखीच.

शिलिंगच्या जागी आधी किल्ली आली, मग कार्ड, मग स्मार्ट मीटर, पण आधी पैसे भरणाऱ्याचा दर चढाच राहिला. २०२२-२३च्या हिवाळ्यात तर थकबाकीदारांच्या घरी कोर्टाचा हुकूम घेऊन, कुलूप काढून असे मीटर बसवल्याचं उघड झालं. आजारी माणसांची घरंही त्यातून सुटली नव्हती. फेब्रुवारी २०२३मध्ये ते थांबवलं गेलं. त्याच वर्षी जुलैपासून सरकारने पैसे घालून चढा दर मिटवला आणि एप्रिल २०२४पासून नियामकाने ते नियमातच आणलं. नाण्यांच्या मीटरनंतर या एका गोष्टीला एकशे तीसहून जास्त वर्षं लागली.

आता भांडण रोजच्या ठरीव आकाराचं आहे. काही न जाळताही तो भरावा लागतो; २०२४मध्ये वीज आणि गॅस मिळून तो दिवसाला नव्वद पेन्सच्या वर गेला होता. उन्हाळ्यात हीटर बंद असतो तेव्हाही आधी पैसे भरायच्या मीटरवर तो उधार चढत राहतो आणि नोव्हेंबरात भरलेल्या पहिल्या दहा पौंडांतून कापला जातो. हा आकार काढून युनिटच्या दरात मिसळावा असं माझे बरेच जुने सहकारी म्हणतात. मला ते एकदम मान्य होत नाही. १९६८नंतर ज्यांच्या इमारतींतला गॅस काढला, ते आजही विजेवर आहेत आणि त्यांना युनिट जास्त लागतात. दर चढला की तेच आधी भरडले जातील. आधी त्या भिंतींना बाहेरून जाड अस्तर द्या, त्यांच्या विटांचे हीटर काढून हीट पंप बसवा, आणि मग आकार मिसळा. कौन्सिलच्या सभेत मी हेच मांडलं आणि पुढच्या सभेतही मांडणार आहे.