आडनावाचा माग : इंग्लंडातील श्रमिकांची कुलकथा

वंशावळ म्हटली की राजेरजवाडे आणि सरदार-जहागीरदार यांची घराणी डोळ्यांपुढे उभी राहतात. पण ज्यांच्या घरी सनदा नव्हत्या, ढालीवर कुलचिन्ह नव्हते, ज्यांची कीर्ती गाण्यास कोणी भाटही नव्हता, त्या कष्टकरी कुळांस इतिहास नव्हता काय? इंग्लंडातील मजुरांच्या वंशजांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे, ते आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

प्रथम आडनावाचा विचार करू. इंग्लंडात मध्ययुगात आडनावे हळूहळू वंशपरंपरागत झाली. कोणाचे नाव गावावरून पडले, कोणाचे बापाच्या नावावरून, तर कोणाचे धंद्यावरून. ‘वॉकर’ म्हणजे रस्त्याने चालणारा नव्हे. विणलेले लोकरीचे ओले कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा कारागीर तो वॉकर. हेच नाव उत्तरेत वॉकर, आग्नेयेस फुलर आणि नैर्ऋत्येस टकर असे रूढ होते. धंदा एक, आडनावे तीन. त्यामुळे नुसत्या नावावरूनही कुळाच्या मूळ प्रांताचा अंदाज बांधता येतो.

तथापि आडनाव सांगते ते एका दूरच्या पूर्वजाचा धंदा. साऱ्या कुळाचे भवितव्य नव्हे. ‘आर्कराइट’ म्हणजे लाकडी पेट्या करणारा सुतार. परंतु १७३२ साली प्रेस्टन येथे जन्मलेल्या रिचर्ड आर्कराइटचा बाप शिंपी होता आणि तो स्वतः न्हाव्याचा धंदा शिकला. आडनाव सुताराचे, घर शिंप्याचे, हातात वस्तरा. आणि याच पुरुषाने १७७१ साली क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली!

आता कागदपत्रांकडे वळू. शोध नेहमी आजपासून मागे न्यावा लागतो. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडात जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद होऊ लागली. १८५१ च्या शिरगणतीत प्रत्येकाचे वय, धंदा, कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्मगाव लिहिले गेले. म्हणून मँचेस्टरच्या गिरणीतला कामगार मूळ कोणत्या खेड्यातून आला, ते कळते. त्यापूर्वीचा आधार चर्चच्या वह्यांचा. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा थॉमस क्रॉमवेलने १५३८ साली दिली. १७५४ पासून वधूवरांस विवाहाच्या वहीत सही करावी लागे. ज्यांस अक्षरओळख नव्हती, ते फुलीची निशाणी करीत. पणजीच्या पणजीने ओढलेली ती वेडीवाकडी फुली पाहून कोणाचे मन हेलावणार नाही?

परंतु सर्वांत बोलका कागद दारिद्र्याने निर्माण केला. १६६२ च्या कायद्यान्वये निराधार माणसाच्या पोषणाचा भार त्याच्या हक्काच्या गावावर असे. परगावी आलेला मजूर मदत मागू लागला, की न्यायाधीशांपुढे शपथेवर त्याची जबानी घेतली जाई : जन्म कोठे, उमेदवारी कोणाकडे, वर्षभर चाकरी कोणत्या धन्याची, बायकामुले किती? हेतू एवढाच, की त्यास कोणत्या गावी परत धाडावे ते ठरावे. दैवाचा खेळ असा, की ज्या कागदाने त्या बापड्यास गावाबाहेर घालविले, तोच आज त्याच्या वंशजांस त्याचे आत्मवृत्त सांगतो. सुस्थितीतील कष्टकऱ्यावर असा प्रसंग न आल्याने त्याची जबानी मात्र कोठेच सापडत नाही.

यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. कुळाची थोरवी सनदेवर अवलंबून नसते. पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्यासाठी माणसांनी जे कष्ट उपसले, त्यांत ती असते. इंग्लंडच्या गरिबांची स्मृती परक्या कारकुनाच्या लेखणीने जपली. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी आज बोलती आहेत. त्यांची नावे, गावे, धंदे आणि स्थलांतरे आपणच आपल्या हातांनी लिहून ठेवू या. विशेषतः आज्या-पणज्यांची माहेरची नावे विसरू नयेत. पुढील पिढ्यांस त्याहून मोलाचा ठेवा दुसरा नाही.