वऱ्हाडातील व्यवहारलेखन आणि त्याचे शिक्षण

मराठीत व्यवहारलेखनाचे शिक्षण इंग्रजी अमदानीबरोबर आले, ही समजूत इतिहासास धरून नाही. तेराव्या शतकातील यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात, पत्र कोणास जावयाचे आहे हे पाहून मायना कसा योजावा, याचे नियम सांगितले आहेत. हुंडीतही अशीच दक्षता आढळते : रकमेत फेरफार होऊ नये म्हणून मूळ आकड्याबरोबर निम्मी रक्कम लिहून ‘तिची दुप्पट’ असा उल्लेख करीत. मात्र ही विद्या मुनिमाच्या हाताखाली मिळे. त्यामुळे ती पेढीच्या उंबरठ्याबाहेर फारशी गेली नाही.

यवतमाळ जिल्ह्यात या मर्यादेस विशेष अर्थ प्राप्त झाला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे कापसाचा व्यापार वाढला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या अरुंदमापी लोहमार्गाने यवतमाळची पेठ मुंबईशी जोडली गेली. वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये झालेल्या कायद्याने दलाल व मापारी यांस परवाना आवश्यक ठरविला. अशा रीतीने तोंडी सौद्यामागे कागद उभा राहिला. परंतु पेढ्यांच्या वह्या बहुधा मोडीत अथवा महाजनी लिपीत असत. कापूस पिकविणाऱ्या निरक्षर कुणब्याचा हिशेब त्याच्यासमोर लिहिला जाई, तरी तो त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. मध्यप्रांताच्या १९३४ च्या सावकारी कायद्याने ऋणकोस वाचनीय हिशेब देण्याचे बंधन घातले, त्यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

वाणिज्यशिक्षणाची वाट निराळी होती. मुंबईस १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय निघाले. शेजारच्या वर्ध्यास १९४० मध्ये वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. यवतमाळातील महाविद्यालये प्रथम नागपूर विद्यापीठाशी व १९८३ नंतर अमरावती विद्यापीठाशी संलग्न राहिली. या परंपरेत व्यापारी पत्रव्यवहार म्हणजे प्रामुख्याने इंग्रजी पत्राचा नमुना, असा संकेत रूढ झाला. चौकशी, मागणी, तक्रार यांचे साचे विद्यार्थ्यास पाठ झाले. परंतु अडत्याची हिशेबपट्टी शेतकऱ्यास उलगडून सांगणे हेही व्यवहारलेखनाचेच अंग आहे, ही जाणीव मागे पडली.

मेस्तकाचा लेखक वाचणाऱ्यापासून आरंभ करतो, साचा लिहिणाऱ्यापासून. जिल्ह्याचा इतिहास पाहता, पत्र शुद्ध उतरले की नाही यापेक्षा ते ज्याच्या हिताचे आहे त्यास कळले की नाही, हीच या शिक्षणाची खरी कसोटी ठरते.