मतपेटीचं भाडं

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तर म्हणून १९७५ ला लागलो आणि २०११ ला सुटलो. या छत्तीस वर्षांत शिकवण्याच्या जोडीला सरकारने माझ्याकडून आणखी एक नोकरी करून घेतली, ती निवडणुकीची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, शेवटी शेवटी महापालिका. तालुका वसई. जिल्हा तेव्हा ठाणे. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला, मी घरी बसल्यावर. निवडणुकीला किती खर्च होतो यावर हल्ली टीव्हीवर मोठमोठे आकडे ऐकतो. आकडे खरे असतात, पण त्यात आमच्या तालुक्याने भरलेला खर्च कुठे दिसत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात आजीपासून करतो. पहिली निवडणूक १९५१-५२ ची. माझा तेव्हा जन्मही नव्हता, पण आजी ती गोष्ट सणासारखी सांगायची. सगळ्या बायका नवी लुगडी नेसून शाळेत गेल्या. आत पडद्यामागे पेट्या मांडलेल्या, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चित्र. कागदावर काही खूण करायची नाही, आपल्या माणसाच्या पेटीत तो टाकून बाहेर यायचं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण बैलजोडी आणि झाड यांतला फरक तिला कुणी शिकवायला नको होता. ‘पेटीच्या पाया पडून आले,’ असं ती सांगायची. तिच्या मते तो देव्हाराच होता.

आता या देव्हाऱ्याचा हिशेब बघा. प्रत्येक केंद्रावर जितके उमेदवार तितक्या पेट्या. म्हणजे देशभरात वीस लाखांच्या वर पोलादी पेट्या कराव्या लागल्या. त्यातल्या बारा लाखांहून जास्त आमच्यापासून फार लांब नाही अशा विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात झाल्या. पेटीमागे पाच रुपये दर होता आणि बाहेरून कुलूप लावलं तर तेवढ्यात भागेना, म्हणून कारखान्यातल्या एका कारागिराने आतून बसणारी कडी काढली असं सांगतात. त्या पहिल्या लोकसभेचा सरकारी खर्च साडेदहा कोटींच्या आसपास गेला. मतदार सतरा कोटींच्या वर. म्हणजे माणशी साठ पैसे. नवे पैसे तेव्हा आले नव्हते, तर साडेनऊ आणे म्हणू.

मला यातला पुढचा आकडा फार आवडतो. १९५७ च्या निवडणुकीचा खर्च वाढला नाही, उलट सहा कोटींच्या आत आला. कारण पेट्या त्याच वापरल्या. गोदामातून काढल्या, पुसल्या, मांडल्या. गावातल्या लग्नात भाड्याची पातेली असतात तसं. पुढे एकाच कागदावर सगळी चिन्हं छापून शिक्का मारायची पद्धत आली, १९६२ पासून ती सगळीकडे झाली आणि उमेदवारागणिक पेटी लागेनाशी झाली. ज्यांना वाटतं की निवडणुकीचा खर्च फक्त चढतच जातो, त्यांनी या दोन आकड्यांकडे बघावं. पुढे चढला हेही खरंच. २०१४ च्या लोकसभेला ३८७० कोटी लागले आणि मतदार होते त्र्याऐंशी कोटी. माणशी शेहेचाळीस रुपये. हा फक्त निवडणूक घेण्याचा सरकारी खर्च. पक्ष आणि उमेदवार उडवतात तो वेगळा. त्याचा हिशेब मांडायला मास्तर कमी पडेल.

माझी पहिली ड्यूटी १९७८ च्या विधानसभेला, पूर्वेच्या एका आदिवासी पाड्यावर. लक्षात राहिली ती मात्र जानेवारी १९८० ची, अर्नाळा किल्ल्यावरची. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं: अर्नाळा गाव किनाऱ्यावर आहे आणि अर्नाळा किल्ला समोरच्या बेटावर. बेटावर कोळ्यांची वस्ती, शाळा, आणि जायला फक्त होडी. ओहोटी असली की होडी काठाला लागत नाही, गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. आम्ही पाच जण, एक पोलीस, एक शिपाई. डोक्यावर पत्र्याची पेटी, पिशवीत मतपत्रिका, लाख, सुतळी, मेणबत्त्या, पितळी शिक्का, बाणफुलीचा रबरी शिक्का, शाईची बाटली. साहेबांनी निघताना बजावलं होतं, माणूस भिजला तरी चालेल, मतपत्रिका भिजता कामा नये.

ज्याची होडी होती तो तांडेल आम्हाला आदल्या दिवशी दुपारी घेऊन गेला, मतदानाच्या रात्री भरती बघून परत घेऊन आला. म्हणजे दोन दिवस त्याचं जाळं पाण्यात पडलं नाही. येताना अंधारात तो मला म्हणाला, ‘मास्तर, तुमचा भत्ता लागू. माझ्या दोन दिसांचं नुसकान कुठल्या कागदावर लिवलंय?’ मी म्हटलं, भाड्याची पावती करून देतो. दिली. ती कुठल्या टेबलावर गेली आणि किती दिवस पडून राहिली याचा मी चार वेळा पाठपुरावा केला. भाडं मिळालं तेव्हा पावसाळा सुरू झाला होता आणि त्याने होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली होती. पैसे घेताना तो हसला. बोलला काही नाही. पुढच्या निवडणुकीला मात्र पुन्हा तोच आला, पुन्हा होडी घेऊन.

किल्ल्यावर ती रात्र शाळेत काढली. जेवण कुणी दिलं? सरकारने नाही. समोरच्या घरातल्या एका म्हातारीने भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण आणून ठेवलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, ‘मतं घ्यायला आलाव ना, पाव्हणे हाव.’ पाण्याचा हंडा गावाचा, बत्ती गावाची, बाकं शाळेची. मंडप घालायला आले ते गावचे पोरगे. नायगावसमोरच्या खाडीतल्या पाणजू बेटावर ज्यांची ड्यूटी लागायची तेही हेच सांगत. पूर्व पट्ट्यात भाताणे, मेढे, पारोळच्या बाजूला तर बैलगाडीतून पेट्या गेल्याचं जुने मास्तर सांगायचे. म्हणजे माणशी साठ पैसे हा दिल्लीचा हिशेब. त्यात गावाचा हंडा धरलेला नाही.

कायद्याने पैसे कोण भरतं हेही सरळ आहे, पण गावात ते कुणालाच ठाऊक नसतं. लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा. दोन्ही एकदम झाल्या तर निम्मानिम्मा. बंदोबस्ताचा खर्च राज्याने सोसायचा. पंचायती, पालिकांच्या निवडणुका घटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनंतर राज्य निवडणूक आयोगाकडे आल्या. आपल्याकडे हा आयोग १९९४ पासून आहे. आणि महापालिकेच्या निवडणुकीचा खर्च महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून करायचा, म्हणजे तुमच्या-आमच्या घरपट्टीतून. मतदाराने घरपट्टी भरून स्वतःचंच मत विकत घेतलं, असं आमचा एक सहकारी गमतीने म्हणायचा.

ही घरपट्टी आमच्या गावांत आली ती ३ जुलै २००९ नंतर. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची ५३ गावं मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. केळीच्या बागा, पानवेली, चाफ्याची झाडं असलेली पश्चिम पट्ट्यातली गावं कागदावर शहर झाली. गावांनी विरोध केला, तो साधासुधा नव्हता. त्याच साली विधानसभेला विवेक पंडित वसईतून निवडून आले ते या प्रश्नावरच. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायची अधिसूचना काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथेच राहिलं. २०२४ मध्ये सरकारने गावं महापालिकेतच ठेवायचं ठरवलं. तेरा वर्षं गावं धड आत नाहीत, धड बाहेर नाहीत.

मला इथे खर्चाची गोष्ट सांगायची आहे. ग्रामपंचायतीचा वॉर्ड म्हणजे काहीशे मतं. उमेदवार पायी फिरायचा. सायक्लोस्टाइलच्या चिठ्ठ्या, चहा, शेवटच्या दिवशी एखादी भाड्याची जीप. माझ्या एका चुलतभावाने केळीच्या दोन गाड्यांच्या पैशात निवडणूक लढवली आणि हरला, तरी त्याला कर्ज झालं नाही. महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांच्या वर. नगरसेवक ११५. भागाकार करा, एका नगरसेवकामागे दहा हजारांच्या वर माणसं. आता चार-चार जणांचे प्रभाग झाल्यावर एका प्रभागात चाळीस हजारांच्या आसपास. पायी कोण फिरणार? फ्लेक्स आला, रिक्षावरचा भोंगा आला, बूथवर बसणारी पोरं आणि त्यांचं जेवण आलं. गावातला शिकलेला, बरा, पण खिशाने साधा माणूस पंचायतीला उभा राहायचा, तो महापालिकेला उभाच राहत नाही. निवडणुकीचा हा खर्च कुठल्याही आयोगाच्या तक्त्यात येत नाही. माझ्या मते सगळ्यात महाग तोच पडला.

पंचायत स्वस्त म्हणजे पवित्र, असं म्हणत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिकच्या उमराण्याची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर. देवळाच्या नावाने बोली लावायची आणि वर म्हणायचं, गावाचा निवडणुकीचा खर्च वाचला, तंटा टळला. खर्च वाचला खरा. गावाचं मतदानही वाचलं.

आमच्या तालुक्यात तर दोन्ही टोकं एकाच वेळी बघायला मिळाली. खासदार चिंतामण वनगा गेले म्हणून २८ मे २०१८ ला पालघर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भर उन्हाळा, यंत्रं बंद पडल्याच्या तक्रारी, लोक रांगेत. अकरा महिन्यांनी, २९ एप्रिल २०१९ ला, तोच मतदारसंघ, पुन्हा लोकसभा. ऑक्टोबरमध्ये विधानसभा. महापालिकेबाहेर राहिलेल्या गावांना ७ जानेवारी २०२० ला जिल्हा परिषद. त्यातल्या इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागा न्यायालयाच्या निकालाने रद्द झाल्या म्हणून त्यांच्यासाठी ५ ऑक्टोबर २०२१ ला आणखी एक पोटनिवडणूक. प्रत्येक वेळी शाळांच्या खोल्या घेतल्या, प्रत्येक वेळी मास्तर पळवले. माझी सून शिक्षिका आहे. ती म्हणते, ‘बाबा, मुलांना वाटतं बाईंची खरी नोकरी मतदानाचीच.’

आणि महापालिका? पहिली निवडणूक मे २०१० ला, दुसरी जून २०१५ ला. २०२० च्या जूनमध्ये मुदत संपली. आधी कोरोना, मग आरक्षणाचा खटला, मग प्रभाग एकाचा की तिघांचा की चौघांचा यावर सरकारं बदलतील तसे निर्णय बदलले. प्रत्येक वेळी नवे नकाशे, नवी प्रभाग रचना, हरकती. न झालेल्या निवडणुकीवरही पैसे खर्च होतात, हे मला तेव्हा कळलं. साडेपाच वर्षं प्रशासक. चौकात एक गृहस्थ म्हणायचे, बरं आहे, निवडणुकीचे कोट्यवधी वाचले. त्यांच्याच गल्लीत पावसाचं पाणी गुडघाभर साचलं तेव्हा ते कुणाकडे जायचं ते विचारत माझ्याकडे आले. नगरसेवक नव्हता. सरपंच तर २००९ लाच गेला होता. मी निवृत्त मास्तर, अर्ज लिहून दिला. अर्ज लिहिण्यासाठी माझ्या ओट्यावर त्या वर्षांत जितकी माणसं बसली तितकी नोकरीत असताना कधी बसली नव्हती. पाण्याची जोडणी, घरपट्टीतली चूक, दफनभूमीच्या वाटेवरचा दिवा. यातलं निम्मं काम पूर्वी सदस्य सायकलवरून जाता जाता करायचा.

देशभर सगळ्या निवडणुका एकदम घ्याव्यात असा अहवाल कोविंद समितीने मार्च २०२४ मध्ये दिला. आधी लोकसभा-विधानसभा, मग शंभर दिवसांत पंचायती-पालिका. पैसे वाचतील, मास्तरांचे दिवसही वाचतील, हे मला पटतं. २०१८ आणि २०१९ आठवलं की जास्तच पटतं. पण मधेच एखादी जागा रिकामी झाली, तर ती भरावीच लागेल, आणि किल्ल्यावर होडी तेव्हाही न्यावीच लागेल.

शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि १५ जानेवारी २०२६ ला आम्ही महापालिकेसाठी मतदान केलं. मी बायकोबरोबर सकाळीच गेलो. एका माणसाला चार मतं, यंत्रावर चार वेळा बटण दाबायचं. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने एकच दाबलं आणि निघाला. आतून पोरगी ओरडली, ‘आजोबा, अजून तीन राहिली!’ तो परत फिरला, पुटपुटला, ‘एवढ्या वर्षांची एकदम देताय काय?’ बोटाला शाईच्या बाटलीतली काडी नाही, मार्करची रेघ. टेबलाजवळ बसलेल्या तरुण मास्तरांना मी विचारलं, जेवायची सोय काय? म्हणाले, पाकीट येणार आहे. दुपारी दीड वाजता सून फोनवर सांगत होती, तिच्या केंद्रावर अजून आलं नव्हतं. बायकोने पोळी-भाजीचा डबा भरला आणि मी तो स्कूटरवरून नेऊन दिला.