टायरमधली हवा : रियाधपासून वॉशिंग्टनपर्यंत

थंडीतल्या एखाद्या सकाळी गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं पिवळं चिन्ह पेटतं, आत उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी आहे, एवढंच ते सांगत असतं. तुम्ही न्यू जर्सीत असा वा डॅलसमध्ये, हा दिवा तुमच्या गाडीत कसा आला त्याच्या गोष्टीतलं एक मोठं प्रकरण सौदी अरेबियाच्या रस्त्यांवर घडलं.

वाळवंटात गाडी चालवायची तर हवा कमी करावी लागते, हे शहाणपण जुनं आहे. 1929 पासून राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने फोर्डच्या साध्या गाड्या लिबियन वाळवंटातल्या टेकड्यांवर नेल्या, त्या याच युक्तीच्या जोरावर. हवा सोडली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक रुतत नाही. 1933 मध्ये तेलाच्या शोधात जुबैलला उतरलेल्या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञांनाही पुढे रुंद, कमी हवेचेच टायर उपयोगी पडले.

पण वाळूतलं औषध डांबरावर विष ठरतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. त्या चोळामोळ्यातून आतल्या आत उष्णता तयार होते. वाळूत वेग कमी असल्याने ती सोसते. हमरस्त्यावर ताशी 120 किलोमीटर वेग, वर 45 अंश ऊन आणि गाडीत भरलेलं कुटुंब असलं की रबर आणि आतला पोलादी पट्टा एकमेकांपासून सुटू लागतात.

1990 च्या दशकाच्या अखेरीस सौदीत आणि आखातातल्या इतर देशांत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरचे वरचे थर असेच सुटू लागले, गाड्या उलटल्या. टायर कंपनीचं म्हणणं, लोक वाळूसाठी हवा सोडतात आणि तशीच गाडी रस्त्यावर पळवतात. ऑगस्ट 1999 मध्ये फोर्डने आखातातल्या ग्राहकांचे टायर स्वतः बदलून द्यायला घेतले. परदेशातल्या अशा मोहिमेची खबर अमेरिकन सरकारला देण्याचं बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हतं. त्यामुळे ॲरिझोना, टेक्सस, फ्लोरिडात तेच टायर धावत राहिले.

9 ऑगस्ट 2000 रोजी अमेरिकेत सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले. तिथल्या रस्तेसुरक्षा खात्याकडे मृत्यूंच्या नोंदी पुढे 271 वर गेल्या. हवा किती असावी यावरही वाद पेटला: फोर्डचा आकडा 26 पीएसआय, फायरस्टोनचा आग्रह 30 चा. 2001 मध्ये खात्याने टायरमध्येच दोष असल्याचा निष्कर्ष काढला. मात्र कमी हवा आणि उष्णता यांनी तो दोष लवकर उघडा पाडला, हेही खरंच. नोव्हेंबर 2000 च्या नव्या कायद्याने परदेशातल्या मोहिमा कळवणं सक्तीचं केलं आणि हवेच्या इशाऱ्याचा दिवा गाडीत आणायला सांगितलं. सप्टेंबर 2007 पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत तो आहे.

तरीही दिव्यावर विसंबू नका. अमेरिकन नियमाप्रमाणे तो हवा 25 टक्के कमी झाल्यावर पेटला तरी चालतं. तोवर टायर तापत असतो. महिन्यातून एकदा, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, सकाळीच हवा मोजा. आकडा घ्यायचा तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून. टायरवर छापलेली असते ती कमाल मर्यादा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की हवा 1 पीएसआयने बदलते. म्हणून दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला तर हवा सोडू नका. ‘उन्हाळा आहे, थोडी कमीच ठेवा’ हा सल्ला दम्मामपासून दादरपर्यंत ऐकू येतो. तो नेमका उलटा आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात रबर म्हातारं होतंच. डिकीतला स्टेपनीही तपासा. तो न धावताही म्हातारा होतो.

सौदीत पंक्चरच्या दुकानाला ‘बन्शर’ म्हणतात. तो शब्द आपल्याच ‘पंक्चर’चा अरबी भाऊ. वाळूतून रस्त्यावर परतताना पहिला थांबा त्याच्याकडेच घ्या आणि सोडलेली हवा पुरती भरून मगच पुढे निघा.