कांदा निर्यातबंदी: खासदार संसदेत प्रश्न कधी विचारू शकले असते?

ओतूर, आळेफाटा किंवा मंचरच्या बाजारातला कांद्याचा भाव दिल्लीतली एक अधिसूचना रातोरात पाडू शकते. त्यासाठी संसदेची आधी मंजुरी लागत नाही. विदेश व्यापाराच्या १९९२ च्या कायद्याने निर्यात थांबवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. आदेश नंतर दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. थोडक्यात, निर्णय आधी, जाब नंतर.

मग २०२३ मध्ये हा जाब कधी विचारता आला असता? तारखा बघा.

पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपलं. आठच दिवसांनी, १९ ऑगस्टला, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या बराखींमध्ये उन्हाळी कांदा पडून होता. सप्टेंबरमध्ये विशेष अधिवेशन झालं, पण त्यात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. ऑक्टोबरअखेर किमान निर्यात मूल्य टनामागे ८०० डॉलर ठरलं, तेव्हा संसद बंद होती.

हिवाळी अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू झालं आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी आली. शहरातल्या ग्राहकाला कांदा महाग पडू नये, ही सरकारची बाजू. ती खोटी नाही. पण त्याची किंमत शेतकऱ्याने किती मोजायची, हे मंत्र्यांना सभागृहात विचारायला हवं होतं. इथे नियम आडवा येतो. लोकसभेत प्रश्नासाठी पूर्ण १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. बंदीच्याच दिवशी नोटीस दिली, तरी उत्तराचा दिवस २२ डिसेंबरनंतरचा. अधिवेशन ठरलं होतं २२ पर्यंतच, आणि आटोपलं २१ लाच!

अल्पसूचना प्रश्नाची सोय आहे, पण त्याला मंत्र्यांची संमती लागते. शून्य प्रहरात विषय मांडता येतो, मात्र मंत्र्यांवर तिथेच उत्तर देण्याचं बंधन नसतं. तारांकित प्रश्नाची ताकद वेगळी आहे. मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि खासदार त्यावर पुरवणी प्रश्न विचारून त्यांना अडचणीत आणू शकतो. असे प्रश्न दिवसाला २० च घेतले जातात, तेही सोडतीने. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं.

त्यात १३ डिसेंबरला संसदेची सुरक्षा भेदली गेली. गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून विरोधकांनी गदारोळ केला, फलक झळकवले. अधिवेशन संपेपर्यंत दोन्ही सभागृहांतले १४६ खासदार निलंबित झाले होते. जुन्नर आणि आंबेगाव ज्या शिरूर मतदारसंघात येतात, तिथले खासदार अमोल कोल्हे १९ डिसेंबरच्या यादीत होते. निलंबितांच्या नावावरचे प्रश्नही कामकाजातून वगळले गेले. म्हणजे शिस्तीची शिक्षा खासदाराला झाली, पण प्रश्न मतदारांचा गेला.

आठवडाभरात कोल्हे यांनी शिवनेरीवरून पुण्याकडे शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. मागण्यांमध्ये कांदा होताच.

निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला, शिरूरच्या मतदानाच्या नऊ दिवस आधी. तेव्हाही ४० टक्के शुल्क होतंच. ते पुढे २० टक्क्यांवर आलं आणि पूर्णपणे हटलं १ एप्रिल २०२५ ला.